साबण लावलेला पट्टा

क्रांती चौकात, उड्डाणपुलाखालच्या सिग्नलला, फियाटच्या बॉनेटमधून किंचाळी निघाली. बारीक आणि लांब, पत्र्यावरून खिळा ओढावा तशी. शेजारच्या स्कूटीवरच्या पोरीनं कानाला हात लावला. रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली, "चचा, अजायबघर में रखो इसको, अच्छा लगेगा." शिवशंकरनं काच वर केली. बहात्तर सालची पांढरी गाडी, तेहतीस वर्षं त्याच्या हातात. तिचा खोकला, तिची शिंक त्याला झोपेतही ओळखू आली असती. पण ही किंचाळी त्यानं सव्वीस वर्षांत येऊ दिली नव्हती. गरज असो नसो, दर वर्षी तो पंख्याचा पट्टा बदलायचा, त्यासाठी जालन्यापर्यंत जायचा. गेली चार वर्षं मात्र या मापाचा पट्टाच कुठं मिळेना. मागच्या सीटवर तात्यासाहेब दचकून जागे झाले. "शिवा, कुत्र्याला लागलं का रे?" "नाय साहेब. पट्टा वरडतोय." "मेलं का?" "कुत्रं नाय साहेब, पट्टा." "बिचारं," म्हणाले तात्यासाहेब, आणि खिडकीतून मागं वळून रस्त्यावर कुत्रं शोधत बसले. एकेकाळी कोर्टात उभे राहिले की समोरच्या वकिलाच्या हातातला कागद हलायचा, असा हा माणूस. आता सत्त्याऐंशी. दोन वर्षांपासून आठवण गेली. रोज सकाळी दहाला त्यांना गाडीत घालून गावभर फिरवून आणायचं, नाहीतर ते घराचं दार ओढत बसतात. शिवशंकरला पगार आता एवढ्याचाच मिळतो.

पुलाच्या सावलीत गाडी कडेला घेऊन त्यानं बॉनेट उघडलं. पट्ट्याची कड उंदरानं खाल्ल्यासारखी झाली होती. दोरे लोंबत होते. आतल्या अंगाला भेगा, आणि वरून चकाकी. पट्टा चकाकायला लागला की संपला, हे कुणी शिकवावं लागत नाही. इंजिन बंद करून त्यानं अंगठ्यानं दाबून बघितला. अर्धा इंच जायला हवा तिथं दीड इंच खाली गेला. रबराचं एवढंसं वळं. त्याच्यावर पंखा फिरतो, पाणी फिरतं, डायनामो फिरतो. ते गेलं की इंजिन आपल्याच तापानं मरतं. चहाच्या गाड्यावरचा माणूस गाळणी आपटत म्हणाला, "काका, साबण घासा की जरासा. गप बसंल." शिवशंकरच्या तोंडात एकदम साबणाची चव आली. खरोखरची, तुरट, जिभेच्या मुळाशी. तो थुंकला. चहावाल्याला वाटलं, आपल्यावर थुंकला. "आँ? चांगलं सांगाया गेलं तर!"

खिशातला फोन वाजत होता. सुयश, तात्यासाहेबांचा नातू. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता, त्यात ही फियाट न्यायची म्हणून त्यानं नव्या सीटा शिवल्या होत्या, इंटरनेटवरून दोन पट्टे मागवले होते. दोन्ही आखूड निघाले. "काका, बेल्ट मिळाला का? अहो छावणीत एक जुनं दुकान आहे म्हणे, फियाटचं काहीही मिळतं तिथं. मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं ना? जा ना तिथं." मागच्या आठवड्यात शिवशंकर म्हणाला होता, दुकान बंद असतंय. त्याच्या आधी म्हणाला होता, म्हातारा वारला म्हणं. जिवंत माणसाला मारून टाकलं होतं त्यानं, चहा पिता पिता. आता साहेबांचं घर सिडकोत, लांब. ऊन हे असं. मागं सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस. आणि पट्ट्याचे दोरे हवेत. छावणी जवळ. "जातो," तो म्हणाला. फोन खिशात घालताना त्याला वाटलं, आपण पकडलो गेलो. कुणी पकडलं, ते मात्र त्याला सांगता आलं नसतं.

पट्टाच पकडतो माणसाला. अठ्ठ्याण्णव सालीही असाच चैत्र होता, असंच हे किंचाळणं होतं. तात्यासाहेबांना आवाजाचा राग. छावणीच्या बाजारात कमरोद्दीनच्या दुकानासमोर त्यांनी स्वतः गाडी उभी करायला लावली, स्वतः पट्टा विकत घेतला, नवाकोरा, कागदाच्या पट्टीतला, आणि शिवशंकरच्या हातात दिला. "उद्या बसवून टाक." फुलंब्रीच्या अलीकडं त्याचं गाव. तिथं बायको अंबिका सातव्या महिन्यात. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर राहिलेलं पोर. आई म्हाळसाबाई आल्या-गेल्यासमोर म्हणायची, "साहेबाची गाडी फिरवतंय आमचं लेकरू, पण बायकोच्या ओटीला हिरवी साडी आणायची ऐपत नाय." बाप मुंजाबा मेंढरांमागं फिरून थकलेला, तो काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. ते बघणं जास्त लागायचं. दुसऱ्या दिवशी शिवशंकर पट्टा घेऊन परत कमरोद्दीनच्या गल्ल्यासमोर उभा राहिला. खोटं बोलला नाही. दोस्तच होता तो. "भाई, ह्यो परत घ्या. साडी घ्यायचीय." कमरोद्दीन आधी हसला, मग त्याच्या तोंडाकडं बघून हसणं थांबवलं, पट्टा घेतला, पैसे दिले. "हिरवी लेना, जरीवाली. पर सुन, पुराने पट्टे पे शहर में फिर. लंबा नक्को जाऊ." परत जाताना शिवशंकरनं जुन्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला कपड्याचा साबण कोरडाच घासला. ड्रायव्हर लोकांची ही जुनी खोड. धंद्यात आला तो पहिल्या महिन्यात शिकतो. आवाज बंद. संध्याकाळी तात्यासाहेब मागं बसले आणि म्हणाले, "बघ, नव्याची गोष्टच वेगळी." शिवशंकर म्हणाला, "व्हय साहेब." चोरी म्हणावी तर केवढी? गावातल्या पुढाऱ्यांनी तळी गिळली, शाळा गिळल्या, आणि मांडवात हार घालून बसले. त्याच्या वाट्याला रबराचं एक वळं आलं, आणि त्याचीच फेड.

आता बाबा पेट्रोल पंपापाशी गर्दी होती. तो दुसऱ्या गिअरमध्ये, पाय हलका ठेवून, आरशात न बघता बोलायला लागला. रोज बोलायचा. "तात्यासाहेब, त्यो पट्टा मी बसवलाच नव्हता." "हं." "परत केला होता. साडीसाठी." "हं, हं. जेवायला काय आहे रे आज?" "तुम्ही त्या भल्या माणसाला नको ते बोलला माझ्यापायी." "चालायचंच," तात्यासाहेब म्हणाले, "होतं असं. तू वाईट वाटून घेऊ नकोस." दोन वर्षं असं चाललं होतं. तात्यासाहेबांची आठवण गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं त्याच आठवड्यात शिवशंकरनं पहिल्यांदा कबुली दिली होती, आणि त्यांनी माफ केलं होतं. दुसऱ्या दिवशी परत कबुली, परत माफी, नवीकोरी. पहिल्यांदा तो गाडी थांबवून रडला होता. नंतर रडणं गेलं, सवय उरली, पान खाल्ल्यासारखी. कुणी विचारलं असतं की दोन वर्षं आधी का नाही बोललास, वीस वर्षं आधी का नाही, तर त्याच्याकडं उत्तर होतं आणि ते लाजिरवाणं होतं: तेव्हा त्यांच्या लक्षात राहिलं असतं.

त्या साली, आठव्या महिन्यात गावाहून फोन आला, अंबिकेला रक्त जातंय. तात्यासाहेब अंगणात पेपर वाचत होते. "विचारतोस काय गाढवा, गाडी घेऊन जा! पट्टा नवा आहे, काळजी नाही." ते वाक्य. इतक्या वर्षांत त्यानं ते उलटसुलट करून बघितलं, त्यातला एकेक शब्द चावून बघितला. त्या वाक्यानंतर दम घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्याच्या हातात होता. छावणीला वळून पट्टा घेऊन बसवायला किती लागलं असतं? पाऊण तास. हात सराईत असला तर अर्धाच. तो अर्धा तास त्यानं वाचवला. आधी हर्सूल, मग चौक्याचा घाट उतरून गाव गाठलं. अंबिका ती हिरवी साडी नेसून बसलेली. कण्हत होती, तरी नेसली होती. "शहरात जायचंय," म्हणाली, "जुन्यात कशी येऊ?" परत येताना, घाट चढताना, दुपारी दीडला पट्टा तुटला. फट्. एवढाच आवाज. लाल दिवा लागला, काटा वर गेला, वाफ. म्हाळसाबाई मागं अंबिकेचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, "काय झालं रं? काय झालं?" करत होती. तो बॉनेट उघडून बघत होता. पट्टा तुटला तर ड्रायव्हर लोक कापड पिळून बांधतात, तेवढं चार मैल निघतं. त्यानं आपला सदरा काढला, तर तो घामानं भिजून विरलेला, ओढताच फाटला. तेव्हा अंबिकेनं पदर दातात धरला आणि उभा फाडून खिडकीतून बाहेर दिला. हिरवी चिंधी, जरीसकट. "घ्या," म्हणाली. मग विचारलं. रागानं नाही, नुसतं विचारलं, "नवा टाकला व्हता ना?" साडी कुठून आली ते तिला ठाऊक नव्हतं. आणि तो, चिंधी पिळत, इंजिनात तोंड घालून म्हणाला, "माल खराब निघाला." तिनं त्याच्याकडून ऐकलेलं शेवटचं धड वाक्य तेच. चिंधी दीड मैल चालली. मग जळाली. जळक्या रेशमाचा वास जळक्या केसाच्या वासासारखा असतो. दुधाच्या टेम्पोतून तिला पुढं नेली, हर्सूलच्या अलीकडंच ती गेली. पोर आधीच गेलं होतं म्हणाले. लोक म्हणाले, देवाची मर्जी. त्याला त्या लोकांच्या थोबाडीत मारावीशी वाटली होती, पण मारायला हात स्वच्छ पाहिजे.

तेराव्यानंतर तात्यासाहेबांनी त्याला गाडीत घालून छावणीला नेलं. त्यानं सांगितलं नव्हतं. म्हाळसाबाईनं सांगितलं होतं, पट्ट्याचा माल खराब होता म्हणून. भर बाजारात साहेबांनी कमरोद्दीनची गळपट्टी धरली. "हरामखोरा, बनावट माल विकतोस? ह्याची बायको मारलीस तू, पोटातल्या पोरासकट!" नटबोल्टांचं अख्खं ताट उचलून रस्त्यावर फेकलं. माणसं जमली. कमरोद्दीननं साहेबांच्या खांद्यावरून शिवशंकरकडं बघितलं. फार वेळ नाही. शिवशंकर हात जोडून उभा होता. कुणाला जोडले होते कोण जाणे. मग कमरोद्दीन म्हणाला, "गलती हो गयी साहब." बस. पुढची वर्षानुवर्षं तात्यासाहेब लग्नकार्यात ही गोष्ट सांगायचे, माझ्या ड्रायव्हरसाठी मी बाजारात उभा राहिलो म्हणून, आणि लोक म्हणायचे, देवमाणूस. शिवशंकर पंगतीत पाणी वाढत ऐकायचा.

दुकान तेच होतं, पाटी नवी. काउंटरमागं चाळिशीची बाई होती, डोक्यावर ओढणी घट्ट, हाताला ग्रीस. बाहेर स्टुलावर कमरोद्दीन. शहात्तर वर्षांचा, दाढी पांढरी, एक डोळा पडद्याआड गेलेला. गाडी थांबताच त्यानं आवाजावरून मान वर केली. डोळ्यांनी नाही, कानानं ओळखलं त्यानं. "कौन, शिवा?" शिवशंकर दाराला धरून खाली उतरला. "मीच, कमरोद्दीनभाई." "आ बैठ. बहोत दिनां के बाद आया." सव्वीस वर्षांना दिनां म्हणाला तो. "लुबना, चाय बोल बेटा. हे शिवशंकरचाचा. जुने दोस्त आपले." लुबनानं ओढणी सावरून सलाम केला, गाडीकडं बघितलं, "बहात्तरची का चाचा? पट्टा ना? कुठून ऐकू येत होता!" ती माळ्यावर चढली, खोकं घेऊन खाली आली. पट्टा काढून काउंटरवरच्या दिव्याखाली धरला, उलटा केला आणि वीत वीत दुमडत सगळा बघितला. मग त्याच्याकडं सरकवला. "आता तुम्ही बघा." "तुमी बघितला ना." "नाही चाचा, गिऱ्हाइकानं बघितल्याशिवाय मी देत नाही. लोक हसतात, म्हणतात ही काय सोनं विकते का. हसू देत." शिवशंकर पट्टा हातात घेऊन उभा. ती सरळ सांगत होती, रोज सांगत असल्यासारखी. "आमच्याकडून एकदा खराब पट्टा गेला होता. एक बाई वारली त्याच्यानं. हामिला होती, पोटुशी. मी तेरा वर्षांची होते, रस्त्यावरचे नटबोल्ट मीच वेचले, लोकांच्या चपलांमधून. शाळेत पोरी म्हणायच्या, तेरे अब्बाने बाई को मारा. तेव्हापासून मी आहे इथं. आधी शाळा सुटली की यायचे, बारावीनंतर कायमचीच बसले. दुसरा कुणी नीट बघणार नाही ना."

स्टुलावर कमरोद्दीननं हात वर केला होता. पंजा उघडा, शिवशंकरकडं, थांब म्हणून. "शिवा, चाय पी ले, ठंडी होती." चहा आलाच नव्हता अजून. गाडीतून तात्यासाहेब ओरडले, "शिवा, घरी चल रे, इथं ऊन आहे." शिवशंकरला दिसलं की गप्प राहणं अजूनही सोपं आहे. म्हाताऱ्याला तेच हवंय. पट्टा घ्यावा, पैसे द्यावेत, निघावं. उद्या सकाळी दहाला मागच्या सीटला सगळं सांगावं. कमरोद्दीनच्या घरात आपण काय म्हणून आग लावायची? बोललो तर ह्या पोरीला कळणार की बापानं तिला सव्वीस वर्षं खोट्यात वाढवलं. आणि नाही बोललो तर ती उद्याही दिव्याखाली रबर दुमडत बसणार, परवाही, म्हातारी होईपर्यंत, एका बाईच्या मरणासाठी, जी तिनं मारली नाही, तिच्या बापानं मारली नाही. भलेपणाच्या नावाखाली आपण परत एकदा अर्धा तास वाचवतोय, एवढं त्याला कळलं.

"ती माझी बायको व्हती," तो म्हणाला.

लुबनाचा हात खोक्यावर थांबला. "कायकू रे शिवा," कमरोद्दीन म्हणाला, "नक्को ना." "अंबिका तिचं नाव. पट्टा खराब नव्हता, पोरी. त्यो पट्टा गाडीत गेलाच नाय. मी परत दिला तुझ्या अब्बाला, साडी घ्यायला. जुन्याला साबण लावला आन् घाटात गेलो. साहेब भांडले तवा मी हितंच व्हतो. मागं उभा व्हतो. बोललो नाय." एवढंच निघालं. त्याला वाटलं होतं काही सुटेल, छातीतून दगड वगैरे. काही सुटलं नाही. रस्त्यावरून लष्कराचा ट्रक गेला, काचेची बरणी थरथरली. लुबना बापाकडं वळली. "अब्बा?" कमरोद्दीन पंजा खाली घेऊन आपल्या गुडघ्याकडं बघत होता. "उसकी औरत मरी थी बेटा. तेरावा होऊन आला होता. त्याला काय बोलायचं असतं त्या वक्ताला? और वापस तो मैंनेच लिया था. नाही घेतला असता तर." "मला का नाही सांगितलं?" "सोचा, बडी होगी तो बोलूंगा." "मी चाळीस वर्षांची होतेय अब्बा."

ती रडली नाही. रडली असती तर दोघांनाही बरं वाटलं असतं. ओढणीच्या टोकानं ती काउंटर पुसत राहिली, पुसलेलीच जागा परत परत. "वाह," ती म्हणाली. "दोघं दोस्त. एकानं गुन्हा केला, दुसऱ्यानं पांघरला. एकमेकांची इज्जत राखली. आणि ती बाई आणून ठेवली माझ्या डोक्यावर. मी रात्री झोपताना तिची माफी मागत होते चाचा. नाव माहीत नव्हतं, तर 'बाई' म्हणत होते." शिवशंकरनं हात जोडले. "ते खाली करा," लुबना म्हणाली. "तुमचं ते ऐकलंय मी. हात जोडून उभा होता एक माणूस, असं लोक सांगायचे. मला वाटायचं, किती गरीब बिचारा असेल." त्यानं हात खाली केले. कुठं ठेवायचे ते कळेना. पाकीट काढायला गेला तर ती म्हणाली, "पैसे नंतर. आधी बॉनेट उघडा. हा पट्टा इथून हातात घेऊन कुणी जायचं नाही. इथंच बसवायचा, माझ्यासमोर."

इंजिन अजून तापलेलं होतं. त्यानं डायनामोचा बोल्ट ढिला केला, जुना पट्टा काढला. तो त्याच्या हातात दोन जागी तुटला. नवा पट्टा कडक होता, पुलीवर चढेना. एका हातानं सळईनं डायनामो बाहेर रेटायचा आणि दुसऱ्यानं बोल्ट आवळायचा, हे दोन माणसांचं काम. त्याचा अंगठा पंख्याच्या पात्याला घासून सोलला. गाडीत तात्यासाहेब काचेवर हळूहळू टकटक करत होते. उन्हात लुबना हाताची घडी घालून उभी होती, त्याच्या बोटांकडं बघत. मागं स्टूल सरकल्याचा आवाज आला. कमरोद्दीन भिंत धरून उठला होता, चाचपडत बॉनेटपर्यंत आला, एका डोळ्यानं अंदाज घेऊन त्यानं सळईच्या टोकाला हात घातला. "छोड शिवा, मैं पकडता. तू नट कस."

"अब्बा," लुबना म्हणाली, "तुम्ही बसा. त्यांचं त्यांना करू द्या."

कमरोद्दीनचा हात सळईवर थोडा वेळ राहिला. मग त्यानं तो काढून घेतला. शिवशंकरनं डोकं खाली घातलं, सळई कोपरानं दाबली, आणि नट आवळायला लागला.